इंजिन मागे आहे

वाफेच्या इंजिनाचं लोकांना वेड असतं, कारण त्याचं सगळं काम उघड्यावर चालतं. विजेचं इंजिन म्हणजे कुलूप लावलेलं कपाट. आत कोण काय करतंय याचा बाहेरच्याला पत्ता नाही. वाफेच्या इंजिनाचे दांडे मागेपुढे होताना दिसतात. ते धापा टाकतं, फुरफुरतं, गळतं, तहान लागली की थांबून पाणी पितं. हे डोळे भरून बघायला लोक कुठून कुठून तमिळनाडूतल्या मेट्टुपाळयमला येतात, अंधारात उठून स्टेशन गाठतात, खिडकीसाठी कोपरं मारतात, आणि सात वाजून दहा मिनिटांनी गाडी हलली की त्यांच्या ध्यानात येतं, इंजिन मागे आहे.

मागे म्हणजे शेवटच्या डब्याच्याही मागे. नीलगिरी माउंटन रेल्वेचं वाफेचं इंजिन घाटात गाडी ओढत नाही, ढकलतं. कारण बिनतोड आहे: जोडणी मध्येच सुटली तर डबे दरीकडे घरंगळू नयेत, इंजिनाच्या छातीवर टेकून राहावेत. कारण पटतं. पण पटल्यामुळे इंजिन दिसायला लागत नाही. तिकीट काढून इंजिन बघायला आलेला माणूस त्याच्याकडे पाठ करून बसतो आणि समोरच्या प्रवाशाचे गुडघे बघतो.

ही सहल माझ्या मेहुण्याने ठरवली होती. मेहुणा रेल्वेवेडा आहे. साध्या रेल्वेवेड्याला गाड्यांचे नंबर पाठ असतात, याला इंजिनांचे आहेत. कोइमतूरला एका लग्नाला जायचं होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उटीला जाऊन संध्याकाळी परत, एवढाच त्याचा बेत. माझी बायको तयार झाली ती उटीच्या आशेने. मी तयार झालो कारण मला कुणी विचारलंच नाही. आणि आत्याला सोबत घ्यायचं नाही असं सर्वानुमते ठरलं होतं, म्हणून आत्या आली.

आत्याबद्दल आधी सांगायला हवं. आत्या कुर्डुवाडीची. माझे आजोबा तिथल्या रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ साली बार्शी ते कुर्डुवाडी धावू लागली, पुढे पंढरपूर, लातूर, मिरज असे तिचे पाय पसरले, आणि आत्याचं सगळं बालपण त्या गाडीच्या धुरात गेलं. वाफेच्या इंजिनाबद्दल तिच्या मनात कोमल भावना अजिबात नाहीत.

“आरं, धूर बघायला एवढ्या लांब?” ती मेहुण्याला म्हणाली. “आमच्याकडं धुण्यावर यायचा धूर. दोरीवरचं धोतर काढायला जावं तर काळं. आईनं त्या इंजिनाला घातलेल्या शिव्या वाया गेल्या म्हणायच्या, अजून जिवंत हाय मेलं.”

“आत्या, तुम्हाला कळत नाही. हा जागतिक वारसा आहे. युनेस्कोने २००५ मध्ये जाहीर केलाय.”

“मग बार्शी लाइट का न्हाई केली?”

मेहुण्याकडे याचं उत्तर नव्हतं. खरं तर माझ्याकडेही नाही.

मेट्टुपाळयमच्या फलाटावर पहाटे जो समाज जमतो तो बघण्यासारखा असतो. चेन्नईहून रात्रभर प्रवास करून आलेली नीलगिरी एक्स्प्रेस माणसं ओतून देते, आणि ती माणसं डोळे चोळत समोरच्या निळ्या-पिवळट छोट्या डब्यांकडे धावतात. हनिमूनची जोडपी असतात. तीन पिढ्यांचं, अठरा पिशव्यांचं गुजराती कुटुंब असतं. गळ्यात जड कॅमेरा अडकवलेले, कुणाशीही न बोलणारे पन्नाशीचे पुरुष असतात. मेहुणा या शेवटच्या जातीत लगेच मिसळला. त्यांची आपसात ओळख नसते, पण एकाने इंजिनाकडे बोट करून “एक्स क्लास” म्हटलं की दुसरा मान हलवतो आणि जन्मभराची मैत्री होते.

मग डावी-उजवीचा वाद सुरू होतो. चढताना दरी कुठल्या बाजूला दिसते? मेहुण्याचा अभ्यास म्हणत होता डावीकडे. समोरच्या बाकावरचा बंगळूरचा गृहस्थ म्हणत होता, कुन्नूरपर्यंत डावीकडे, पुढे उजवीकडे. एका काकूंनी कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला होता, त्यात सगळंच उजवीकडे होतं. या मार्गाला २०८ वळणं आहेत, २५० पूल आणि १६ बोगदे. एवढ्या वळणांत दरी कुणा एका बाजूची मिरास राहील हे शक्यच नव्हतं. पण खिडकीची जागा ही भारतीय माणसाच्या लेखी भूगोलाची नाही, हक्काची बाब असते. सगळ्यांची तिकिटं आरक्षित, आकडे छापलेले, तरीही वीस मिनिटं रणकंदन झालं. आत्या तेवढ्यात कुणाच्याही नकळत एका खिडकीला बसली होती. ती जागा तिची नव्हती. पण सत्तरी ओलांडलेल्या नऊवारीला उठवण्याची हिंमत डब्यात कुणाची झाली नाही.

गाडी सुटली. भवानी नदी ओलांडून सुरुवातीचा रस्ता सपाट आहे. दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा. कोकणातला माणूस असता तर गहिवरला असता. आमच्यात कोकणातलं कुणी नसल्यामुळे आम्ही डबा उघडला. सोलापूरकडची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि लग्नातून बांधून आणलेले मैसूरपाक. बंगळूरच्या गृहस्थाने कडक भाकरी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि ही कशी खायची असं नम्रपणे विचारलं. आत्याने ती त्याच्या गुडघ्यावर फोडून दाखवली.

आठ किलोमीटरवर कल्लार येतं आणि इथून खेळ सुरू होतो. मेहुणा उठून उभा राहिला. आता तो बोलणार हे आम्ही ओळखलं, पण चालत्या गाडीतून पळायचं कुठे?

त्याने सांगितलेलं थोडक्यात असं. साधी आगगाडी लोखंडी रुळावर लोखंडी चाक घासून चढते. चढ फार झाला की चाक जागीच फिरतं. इथला चढ एकास बारा आहे. बारा फूट पुढे गेलं की एक फूट वर. म्हणून कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या टाकल्या आहेत. रोमन आब्ट नावाच्या स्विस इंजिनिअरची ही पद्धत. पट्ट्या दोन, शेजारी शेजारी, आणि एकीचे दाते दुसरीच्या खाचांसमोर येतील अशा सरकवलेल्या. इंजिनाच्या पोटाखालची दातेरी चाकं त्यांत अडकतात, आणि एक दाता सुटायच्या आत दुसऱ्याने धरलेलं असतं. इंजिनाला सिलिंडर चार. खालचे दोन साधी चाकं फिरवतात, वरचे दोन ही दातेरी. सपाटीवर खालच्या दोघांचंच काम, घाटात चौघेही राबतात. खालच्यांनी वापरलेली वाफ वरच्यांना जाते.

“म्हणजे उष्टी,” बायको म्हणाली.

“कंपाउंडिंग म्हणतात त्याला.”

“तेच. वाया न घालवणं. घरात मी केलं की कंजूषपणा.”

सगळी यंत्रणा स्वित्झर्लंडची. मूळची इंजिनंही तिथल्या विंटरथूरच्या कारखान्यात घडलेली. नंतर तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने तसलीच नवी बांधली. आमच्या पाठीमागचं इंजिन तेलावर चालणारं होतं. हे कळल्यावर आत्याच्या नजरेतून ते उतरलं. “तेलावर? मग ते इंजिन का स्टोव्ह?” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. डोळ्यांत कोळशाचे कण जात नाहीत म्हणजे प्रवासच झाला नाही, असं तिचं मत पडलं. एरवी कोळशाला शिव्या घालणारी हीच बाई. पण प्रतिस्पर्ध्याच्या तुलनेत आपला शत्रूही माणसाला आपला वाटतो.

दात्यांत दाता बसला तेव्हा डब्याखालून एक कर्रर्र आवाज आला, एक हिसका बसला, आणि गाडीचा वेग, जो आधीही नव्हता, तो कमी झाला. आता नीट ऐकू येऊ लागलं. मागून कुणीतरी प्रचंड कष्टाने आपल्याला ढकलतंय ही जाणीव फार विचित्र असते. पुढे ओढणारा दिसत असला की आपण निश्चिंत बसतो. मागून ढकलणाऱ्याच्या धापा ऐकून मात्र मधूनच वाटतं, उतरून थोडा हात लावावा. आमच्या डब्यातल्या एका लठ्ठ काकांनी तर चढ आला की श्वास रोखून धरायला सुरुवात केली.

समोर इंजिन नसल्यामुळे पुढच्या डब्याच्या टोकाला लोखंडी कठड्यापाशी एक ब्रेक्समन उभा असतो, हातात हिरवं-लाल निशाण घेऊन. मार्गावर दगड पडलाय का, गाय उभी आहे का, कल्लारच्या रानातले हत्ती आलेत का, ते हा बघतो आणि मागच्या ड्रायव्हरला निशाणाने कळवतो. बाकीच्या डब्यांवरही एकेक ब्रेक्समन, हातब्रेकच्या चाकापाशी. म्हणजे ज्याच्या हातात इंजिन आहे त्याला रस्ता दिसत नाही, आणि ज्याला रस्ता दिसतो त्याच्या हातात फक्त निशाण. मी सरकारी नोकरीत होतो, त्यामुळे मला ही व्यवस्था लगेच समजली. फरक इतकाच, की इथे ती चालते.

पहिला बोगदा आला आणि सगळा डबा किंचाळला. भारतीय माणूस बोगद्यात का किंचाळतो यावर कुणीतरी संशोधन करायला हवं. अंधाराची भीती म्हणावी तर किंचाळणाऱ्यांत वकील होते, डॉक्टर होते, एक बँकेचे मॅनेजर होते. पहिल्या बोगद्याला मुलं ओरडली आणि आईबापांनी दटावलं. तिसऱ्याला आईबाप ओरडले. सातव्याला आत्या ओरडली आणि बोगदा संपल्यावर खिडकीबाहेर बघत राहिली, जसं काही ओरडणारी दुसरीच कुणी होती.

मधल्या काळात एका तरुण टोळक्याने मोबाइलवर ‘छैय्या छैय्या’ लावलं होतं. ‘दिल से’ हा सिनेमा १९९८चा आणि त्यातलं हे गाणं याच रेल्वेवर, चालत्या गाडीच्या टपावर चित्रित झालेलं. तेव्हापासून या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला आपण शाहरुख आहोत असं वाटतं आणि रेल्वेच्या माणसांना दिवसभर कुणाला ना कुणाला दारातून आत ओढावं लागतं. डेव्हिड लीनने ‘अ पॅसेज टू इंडिया’साठीही हीच गाडी वापरली होती, पण त्याच्यासाठी कुणी दारात लटकत नाही.

आत्याने गाण्याची चौकशी केली. टपावर नाचले म्हणताच तिने पहिला प्रश्न विचारला, “आणि बोगदा आला की?”

टोळकं विचारात पडलं.

“आमच्याकडं आषाढीला टपावर माणसं बसायची,” आत्या म्हणाली. “पंढरपूरपर्यंत. नाचायची न्हाईत पण. अभंग म्हणायची.”

एका पुलावरून गाडी चालली होती. कठडा नाही, खाली झाडांचे शेंडे, त्याखाली आणखी झाडांचे शेंडे. डब्यात शांतता पसरली. नेमका हाच मुहूर्त साधून मेहुण्याने बार्शी लाइटच्या जनकाची कथा सुरू केली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप. याच माणसाने आपल्या नेरळ-माथेरानच्या इंजिनांचा आराखडा केला, घाटाच्या वळणांत चाकं वळावीत म्हणून लवचिक कण्याची योजना केली, आणि पुढे आयुष्यात विमानातून उडी मारण्याचं पॅराशूट तयार केलं.

आत्याने खाली दरीत पाहिलं. “आपल्या गाडीत बसला असंल एकदा,” ती म्हणाली. “त्याबिगर सुचायचं न्हाई.”

माथेरानचं नाव निघाल्यावर बायकोला रास्त शंका आली, की मग एवढ्या लांब कशाला? आपली घरची गाडी असताना? आदमजी पीरभॉय यांनी ती १९०७ मध्ये सुरू केली, रूळ दोनच फुटांचे, देखणी, पुण्याहून दिवसात जाऊन येण्यासारखी. मेहुण्याने दुखऱ्या चेहऱ्याने सांगितलं की तिथे आता डिझेल. डिझेलच्या इंजिनाला वाफेच्या इंजिनाचा पोशाख चढवण्याचा प्रयोगही झालाय, पण पोशाख तो पोशाख. आत्याला मात्र ही कल्पना फार आवडली. आतून डिझेल, वरून वाफ. निम्मी माणसं अशीच असतात असं ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं.

हिलग्रोव्ह आलं. निम्मा घाट झाला होता. इथे इंजिन पाणी पितं आणि प्रवासी चहा. गाडी थांबायच्या आतच सगळा लोंढा खाली उतरला आणि गाडीच्या शेपटाकडे धावला, कारण सकाळपासून ज्याच्यासाठी आलो ते अखेर दिसणार होतं. इंजिनासमोर फोटोंची रांग लागली. इंजिन काळं, तेलकट, सगळीकडून वाफा सोडत उभं, आणि त्याच्यापुढे एकेक जोडपं येऊन इंजिनाकडे पाठ करून हसत होतं. आठवण म्हणून घेतलेल्या एकाही फोटोत इंजिन पूर्ण दिसत नाही. जे दिसतं त्यात धुरांडं कुणाच्या तरी डोक्यातून उगवलेलं असतं.

रेल्वेवेड्यांची पद्धत वेगळी. ते माणसं मधून जायची वाट बघतात. मेहुणा कॅमेरा रोखून उभा होता. त्याला इंजिन हवं होतं, माणसाविना. माणसं जात नव्हती. अखेर तो दोन पावलं पुढे सरकला, तेवढ्यात एका कर्मचाऱ्याने शिट्टी फुंकून त्याला मागे हटवलं. ज्याला या इंजिनातला प्रत्येक स्क्रू माहीत होता, तो पिवळ्या रेषेमागे गेला.

आणि रेषेच्या पुढे आत्या उभी होती.

ती तिथे कशी पोचली ते विचारण्यात अर्थ नाही. नऊवारीचा काष्टा घट्ट, पदर खोचलेला, हात कमरेवर. सिलिंडरच्या टोकाला जिथून दांडा बाहेर येतो तिथून एक बारीक शीळ घालत वाफ येत होती. आत्याने तिकडे बोट दाखवलं.

“ग्लँड गळतीय,” ती म्हणाली.

खाली तेलाचा डबा घेऊन उभा असलेला फायरमन वळला. त्याला मराठी येण्याचं कारण नव्हतं आणि आत्याला तमिळचा एक शब्द ठाऊक नव्हता. पण “ग्लँड” त्याला समजलं. तो तमिळमध्ये काहीतरी बोलला; त्यातून आत्याने “पॅकिंग” तेवढं उचललं आणि मान हलवली. मग दोघांचं बराच वेळ बोलणं झालं. मधली भाषा आपापली, आणि दर चार-पाच शब्दांनी इंजेक्टर, पिस्टन, प्रेशर, गेज, व्हॉल्व्ह. इंग्रजांनी या देशाला एकत्र बांधायला रेल्वे आणली असं कुणी कुणी म्हणतात. त्यांच्या डोक्यात हे नक्कीच नसणार.

“काय म्हणाला तो?” मी आत्याला विचारलं.

“पॅकिंग बदलायचं हाय, शेडला गेल्यावर. नवीन मिळत न्हाई लवकर. नाना पण हेच म्हणायचे.” नाना म्हणजे माझे आजोबा. “आणि त्येच्या पोरीला इंजिनिअरिंगला जायचंय.”

हे शेवटचं तिला कुठल्या सुट्या भागातून कळलं, देव जाणे.

मेहुणा त्यानंतर बराच वेळ गप्प होता. डब्याजवळ परतलो तर वेगळाच प्रसंग चालू होता. हिलग्रोव्हची माकडं प्रसिद्ध आहेत आणि त्यातलं एक आमच्या खिडकीतून आत शिरून बाहेर आलं होतं. मैसूरपाकाच्या शेजारी ठेवलेली कडक भाकरी त्याने पळवली होती. छपराच्या कडेला बसून त्याने ती चावून पाहिली. मग दुसऱ्या बाजूने पाहिली. मग छपरावर आपटली. अखेर ती बाजूला ठेवून ते आत्याकडे टक लावून बघू लागलं. प्राण्याच्या चेहऱ्यावर एवढी दुखावलेली मुद्रा मी पूर्वी पाहिली नव्हती. बंगळूरच्या गृहस्थाचा चेहरा मात्र समजूतदार होता.

कुन्नूरपर्यंतचा उरलेला घाट चहाच्या मळ्यांतून जातो आणि तो सुंदर आहे. इतका, की डब्यातलं बोलणं थांबलं आणि दोन बोगदे तर लोक किंचाळायचेही विसरले. गाडी इतकी सावकाश, की मळ्यात चहा खुडणाऱ्या बायकांनी आमच्याकडे बघून हात हलवला, आम्ही हलवला, त्यांनी पुन्हा हलवला, आमचे हात दुखले, तरी आम्ही एकमेकांना दिसतच होतो. मेट्टुपाळयम ते उटी ४६ किलोमीटर. वेळ, जवळजवळ पाच तास. सरासरी ताशी साडेनऊ किलोमीटर. सायकलवाला ही गाडी मागे टाकील, फक्त त्याला हा चढ चढावा लागेल.

पण खरा संथपणा गाडीचा नव्हे. या रेल्वेची पहिली कल्पना १८५४ची. काम सुरू झालं १८९१ मध्ये. कुन्नूरपर्यंत गाडी आली १८९९ला आणि उटीला पोचली १९०८ साली. कल्पनेपासून चोपन्न वर्षं. मेहुण्याने हे सांगितल्यावर मला वाटलं आत्या हसेल. ती म्हणाली, “झालं ना पण? रखडलं तरी झालं. आमच्या नॅरो गेजची ब्रॉडगेज व्हायची वाट बघता बघता आमची मंडळी गेली.” ‘मंडळी’ म्हणजे घरची मंडळी, का खरोखरीची माणसं, ते तिने स्पष्ट केलं नाही.

कुन्नूरला दगा होतो. याची पूर्वसूचना तिकिटावर असावी असं माझं मत आहे. दातेरी पट्टी इथे संपते, आणि तिच्याबरोबर वाफही. इंजिन गाडीपासून सोडवून शेडकडे नेतात आणि डिझेल लावतात. पुढचे अठरा किलोमीटर उटीपर्यंत डिझेलवर. कॅमेरेवाले पुरुष फलाटावर उतरून जाणाऱ्या इंजिनाला निरोप देतात. आमच्या डब्यातल्या तिघांनी प्रवास इथेच संपवला. उटीला जाऊन काय करायचंय, असं त्यांनी विचारलं आणि ते शेड बघायला गेले. मेहुण्याचाही पाय निघत नव्हता, बहिणीने त्याला दंडाला धरून आत बसवला. त्यानंतर गाडी आधी थोडी मागे जाते आणि मग उटीची वाट धरते, त्यामुळे मेहुण्याला क्षणभर वाटलं की परत चाललो.

पुढचं पटकन सांगतो, कारण पुढचं पटकनच झालं. वेलिंग्टनला लष्कर, अरवनकाडूला दारूगोळ्याचा कारखाना, केट्टीला रुंद हिरवी दरी, लव्हडेलला निलगिरीची झाडं आणि थंडी. बायकोने स्वेटर काढले. बाराच्या सुमारास उटी. समुद्रसपाटीपासून २२०३ मीटर. सकाळी ३२६वर होतो.

उटीत आम्ही जेवलो, वर्की नावाचं खुसखुशीत बिस्किट घेतलं, चॉकलेटं घेतली, निलगिरीचं तेल घेतलं. बॉटॅनिकल गार्डनमध्ये बायकोला हवा तेवढा वेळ मिळाला नाही, कारण संध्याकाळी खाली पोचायचं होतं. ती तलाव बघायची राहिली म्हणून अजून बोलते. मला विचाराल तर उटी ठीक आहे. आपल्याकडे थंड हवेच्या ठिकाणी जे मिळतं ते सगळं तिथे मिळतं: मक्याचं कणीस, घोडा, गर्दी. महाबळेश्वरला हे सगळं जास्त जवळ आहे.

उतरताना बसने आलो. सगळी वळणं सुमारे दोन तासांत, भाडं गाडीच्या तिकिटापेक्षा कितीतरी कमी. कुणी हात हलवला नाही, बसला काही गळत नव्हतं, ड्रायव्हर पुढे होता आणि त्याला रस्ता दिसत होता. आत्या पहिल्या वळणालाच झोपली.

जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा. तिकिटं साठ दिवस आधी उघडतात आणि लगेच संपतात. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तिकडचा परतीचा पाऊस दरडी पाडतो आणि घाटातली गाडी दिवसेंदिवस बंद राहते, तेव्हा तो काळ टाळा. चढणीचीच गाडी घ्या. वेळ कमी असेल तर कुन्नूरलाच उतरा, उटी चुकली तर काही बिघडत नाही. घरात कुणी जुन्या रेल्वेच्या माणसाची लेक किंवा सून असेल तर तिला बरोबर न्या, आणि हिलग्रोव्हला उतरताना खिडकी लावून घ्या.